बांधीव खंडात मासिक शोधताना : व्हिक्टोरियाकालीन सचित्र बालमासिके आणि त्यांची सोनेरी बांधणी

समजा, एखाद्या जुन्या ग्रंथालयात तुमच्या हाती लाल कापडात बांधलेला जाडजूड खंड आला. पुठ्ठ्यावर सोनेरी वेलबुट्टी, पानांच्या कडाही सोनेरी. आत 'आंट ज्युडीज मॅगझिन'चे किंवा 'बॉइज ओन पेपर'चे अंक ओळीने शिवलेले. सूचीत नोंद 'बालमासिक' अशी असते आणि आपण सहज धरून चालतो की, एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज मुलांच्या हाती पडत असे ते हेच. हे अर्धेच खरे आहे. मुले ज्याची वाट पाहत तो सुटा अंक ही एक वस्तू आणि हा खंड ही दुसरी. या पाठात आपण या दोहोंतला फरक पाहणार आहोत.

आधी सुट्या अंकांकडे वळू. ब्रिटनमध्ये 1855 साली वृत्तपत्रांवरील सक्तीचा मुद्रांक कर गेला आणि 1861 साली कागदावरचा कर रद्द झाला. नियतकालिक काढणे त्यामुळे पुष्कळ स्वस्त झाले. 1866 हे एकच वर्ष घ्या. मे महिन्यात मार्गारेट गॅटी यांनी 'आंट ज्युडीज मॅगझिन' सुरू केले. किंमत महिन्याला सहा पेन्स. त्याच वर्षाच्या अखेरीस पाद्री जॉन अर्स्किन क्लार्क यांचे 'चॅटरबॉक्स' निघाले. किंमत आठवड्याला अर्धा पेनी. पुढे 1879 च्या जानेवारीत रिलिजस ट्रॅक्ट सोसायटीने 'बॉइज ओन पेपर' काढला. सोळा पाने, एक पेनी. रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या खून-दरोड्यांच्या पेनी-कथांपासून मुलांना दूर खेचणे हा त्यामागचा उद्देश होता. गंमत अशी, की तेच साप्ताहिक सहा पेन्सांच्या मासिक भागांतही मिळे आणि त्या भागांसोबत रंगीत चित्रे येत. म्हणजे एकाच नियतकालिकाचे गरीब आणि सुखवस्तू वाचक वेगवेगळ्या रूपांत तेच वाचत होते.

या अंकांतली बहुतेक चित्रे लाकडावर कोरलेली असत. त्यासाठी बॉक्सवूड नावाचे अतिशय घट्ट लाकूड आडवे कापून त्याचा गुळगुळीत ठोकळा करत. चित्रकाराने काढलेले चित्र कोरणारा मनुष्य वेगळाच असे. म्हणून चित्राच्या एका कोपऱ्यात चित्रकाराची आद्याक्षरे आणि दुसऱ्या कोपऱ्यात 'डॅल्झिएल' असे कोरक्यांचे नाव दिसते. ठोकळ्याची उंची अक्षरांच्या खिळ्यांइतकीच असल्याने चित्र आणि मजकूर एकाच वेळी, एकाच पानावर छापता येत असे. चित्र नेमक्या प्रसंगाशेजारी येते त्याचे कारण हे आहे. जॉर्ज मॅकडोनल्ड यांची 'ॲट द बॅक ऑफ द नॉर्थ विंड' ही कथा 'गुड वर्ड्स फॉर द यंग' या मासिकात 1868 पासून 1870 पर्यंत, मध्ये खंड पडत, क्रमशः आली; चित्रे आर्थर ह्यूज यांची होती. वाचक मुलांनी ती जवळपास दोन वर्षे पुरवून वाचली. आज आपण ती दोन दिवसांत संपवतो.

आता बांधणीकडे येऊ, कारण गुंता इथेच होतो.

1820 च्या दशकापर्यंत इंग्लंडमध्ये पुस्तक बहुधा तात्पुरत्या कागदी वेष्टनात विकले जाई आणि ग्राहक ते आपल्या ऐपतीप्रमाणे चामड्यात बांधून घेई. मग प्रकाशकच कापडी बांधणी देऊ लागले. कापड चढवलेले पुठ्ठे पुस्तकापासून वेगळे, सपाट तयार करायचे आणि शिवलेली पाने शेवटी त्यांत बसवायची, ही खरी युक्ती. पुठ्ठा सपाट असल्यामुळे तो यंत्राखाली घालता येतो. नक्षी पितळी ठशावर उलटी कोरत. कापडावर अंड्याच्या पांढऱ्याचा हात देऊन सोन्याचा वर्ख पसरत, तापवलेला ठसा दाबत आणि जिथे दाब पडला नाही तिथला वर्ख पुसून काढत. पुसलेले सोनेही वाया जाऊ देत नसत. लंडनच्या कारखान्यांत फर्म्यांच्या घड्या घालणे आणि शिवणे ही कामे बहुतांशी स्त्रिया आणि मुली करत. श्रीमंत घरातल्या मुलीच्या नाताळ-भेटीमागे दुसऱ्या एखाद्या मुलीची बोटे होती, हेही ध्यानात ठेवावे.

1856 साली विल्यम हेन्री पर्किन यांनी कृत्रिम जांभळा रंग शोधला आणि त्यानंतर कापडाचे रंगही भडक होत गेले. 1870 च्या सुमारास सोनेरीच्या जोडीला काळा ठसा आला, 1880 नंतर पुठ्ठ्यावर अनेक रंगांत चित्रे उमटू लागली. जॉन लेटन यांच्यासारखे कलावंत बांधणीच्या नक्षीसाठी ओळखले जात. त्यांची 'जेएल' ही जोडाक्षरे वेलबुट्टीत लपलेली सापडतात.

ही सजावट मुलासाठी जितकी, तितकीच भेट देणाऱ्यासाठी होती. 'आंट ज्युडीज'चे खंड वर्षातून दोनदा निघत, एक मे दिनाचा आणि एक नाताळचा. सण ठरले, म्हणजे ग्राहकही ठरला. 1870 च्या शिक्षण कायद्यानंतर शाळा वाढल्या, रविवारच्या शाळांत बक्षिसे देण्याची प्रथा होतीच. तिथेही हेच खंड वाटले जात. ज्यांनी सुटे अंक जपून ठेवले त्यांना प्रकाशक नुसते सजवलेले पुठ्ठे विकत. ते घेऊन जवळच्या बाइंडरकडे जायचे.

बाइंडर मात्र एक गोष्ट सर्रास करत असे. प्रत्येक अंकाचे कागदी वेष्टन आणि जाहिरातींची पाने काढून टाकत असे. आपल्याकडच्या ग्रंथालयांत मासिकांचे अंक बांधताना काय होते हे तुम्ही पाहिले असेल, तसेच. त्या वेष्टनांवर किंमत, तारीख आणि मुलांना काय विकायचा प्रयत्न चालला होता ते सारे होते. सुटे अंक फाटले, चुलीत गेले. सोनेरी खंड कपाटात टिकले. त्यामुळे अशा खंडांवरून 'व्हिक्टोरियाकालीन मुले काय वाचत' असे विधान करताना आपण बहुधा त्यातल्या बऱ्या घरांबद्दलच बोलत असतो, हे माझे मत आहे.

अर्थात खंडालाही स्वतःचा वाचक होता. 1865 साली मुंबईत जन्मलेले रडयार्ड किपलिंग लहानपणी इंग्लंडमधल्या साउथसी येथे ठेवले गेले. तिथल्या दुःखाच्या दिवसांत त्यांना सोबत करणाऱ्या पुस्तकांत 'आंट ज्युडीज'चा एक बांधीव खंड होता, आणि त्यातल्या ज्युलियाना युइंग यांच्या 'सिक्स टू सिक्स्टीन' या कथेचे ऋण त्यांनी आत्मचरित्रात मानले आहे. कथा 1872 च्या अंकांतली, पण त्यांच्या आठवणीत राहिला तो बांधीव खंड.

म्हणून असा खंड हाती आला तर वाचण्याआधी तपासा. पुढच्या पुठ्ठ्याच्या आत बक्षिसाची चिठ्ठी आहे का? मागच्या पुठ्ठ्याच्या आत खालच्या कोपऱ्यात बाइंडरचा इवलासा कागदी शिक्का आहे का? पृष्ठांक सलग आहेत का, रंगीत चित्रे जागेवर आहेत का, एखादे वेष्टन चुकून शिल्लक राहिले आहे का? कापड झगझगीत हिरवे असेल आणि खंड 1840 ते 1860 च्या दशकांतला असेल, तर हातमोजे घाला, बोटाला थुंकी लावून पान उलटू नका आणि नंतर हात धुवा. त्या हिरव्या रंगात आर्सेनिक असू शकते. अमेरिकेतल्या विंटरथर संग्रहालयाने 2019 पासून अशा बांधण्यांची यादी करायला घेतली आहे.