ओळखीचे भांडवल : स्त्रिया आणि छोटे व्यवसाय



भांडवल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पैसा, जागा आणि यंत्रसामग्री येते. ज्या स्त्रीच्या नावावर सातबारा नाही आणि तारण ठेवायला अंगावरच्या दागिन्यांखेरीज काही नाही, तिचे पहिले भांडवल मात्र माणसे असतात. या भांडवलाचे प्रकार आपल्या भाषेने फार पूर्वीच वेगळे केले आहेत : नाते, घरोबा, ओळख आणि तोंडओळख. व्यवसायात या प्रत्येकाचे काम निराळे असते. ते कसे, हे या पाठात पाहू.

रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यातील डोलवी हे गाव आज पोलाद प्रकल्पासाठी ओळखले जाते. अशा गावी घरदार मागे ठेवून आलेले कामगार भाड्याच्या खोल्यांत राहतात. समजा, तेथील एका गृहिणीने त्यांना जेवणाचे डबे देण्याचे ठरवले. पहिल्या महिन्याचा तांदूळ आणि तेल वाणी उधारीवर देतो, कारण तो तिच्या सासऱ्यांना ओळखतो. पहाटे चपात्या लाटायला जाऊ येते. मोठी पातेली शेजारघरून मिळतात. एवढे नात्याने आणि घरोब्याने साधते. परंतु जाऊ किंवा शेजारीण तिचे गिऱ्हाईक होत नाही. त्यांच्या घरी स्वयंपाक होतच असतो. गिऱ्हाईक मिळते ते खोल्या भाड्याने देणाऱ्याकडून, रिक्षावाल्याकडून, म्हणजे ज्यांच्याशी केवळ तोंडओळख आहे अशांकडून.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये हाच विचार नोकरीच्या संदर्भात मांडला. जिवलग माणसांना बहुधा तेच ठाऊक असते, जे आपल्यालाही ठाऊक असते. नवी बातमी येते ती क्वचित भेटणाऱ्या परिचितांकडून. अशा संबंधांना त्यांनी ‘दुबळे बंध’ म्हटले. मराठीतील ‘तोंडओळख’ हा शब्द मला अधिक नेमका वाटतो.

डब्याचा आणि खानावळीचा व्यवसाय मराठी स्त्रियांना नवा नाही. मुंबईच्या गिरणगावात कुटुंब गावी ठेवून आलेल्या कामगारांना खानावळवाल्या बायकाच जेवू घालीत. गिरणीचा पगार महिन्याने होई, पण किराणा रोज लागे. मधली तफावत चढ्या व्याजाच्या कर्जाने भरली जाई. या बायकांचा आपापसांत घरोबा होता, परंतु बँकेत कोणाशीही परिचय नव्हता. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी त्यांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. प्रेमाताई कामगार चळवळीतल्या, तर त्यांचे पती दादा पुरव बँक कर्मचाऱ्यांच्या चळवळीतले. खानावळीची चूल आणि राष्ट्रीयीकृत बँक या दोन्ही जगांत वावर असलेले असे घर त्या वस्तीत विरळाच. तारणाऐवजी बायका एकमेकींना जामीन राहिल्या, आणि कर्ज मिळाले. घरोब्याने पत निर्माण केली. ती बँकेच्या मेजापर्यंत पोहोचवणारी ओळख मात्र बाहेरून यावी लागली. नाबार्डने १९९२ मध्ये बचत गटांना बँकांशी जोडण्याचा जो कार्यक्रम सुरू केला, त्यातही परस्परांच्या भरवशाचे हेच तत्त्व आहे.

या भांडवलाची दुसरी बाजूही लक्षात घ्या. घरोबा मदत करतो, तसा हातही बांधतो. नणंदेकडे डब्याचे थकलेले पैसे मागता येत नाहीत, आणि जावेने एक दिवस दांडी मारली तर तिला बोलता येत नाही. शिवाय ओळखी सर्वांच्या वाट्याला सारख्या येत नाहीत. परगावाहून नुकतीच आलेली सून, माहेरी परतलेली विधवा यांचे वर्तुळ लहान असते. वर्षातील काही महिने वीटभट्टीवर जाणारी कातकरी स्त्री गावातल्या गटाच्या मासिक बैठकीला हजर राहू शकत नाही; वाण्याच्या वहीतही तिचे खाते सहसा उघडले जात नाही. ‘गावात एकमेकांना सारेच मदत करतात’ असे विधान वाचाल, तेव्हा त्या ‘साऱ्यांत’ कोण मोजले गेले नाही, हे तपासून पाहा.

उपक्रम : तुमच्या परिसरात स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या एका स्त्रीची भेट घ्या. पहिला माल उधार कोणी दिला, पहिले अनोळखी गिऱ्हाईक कोणामुळे आले आणि मदत मागूनही कोणी नकार दिला, हे तिला विचारा. तिची उत्तरे, शक्य तो तिच्याच शब्दांत, दहा ओळींत लिहा.