तेल, झोळी आणि तान्हं लेकरू

परभणीची हवा तान्ह्या लेकराला सोपी नाही. मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या पुढे जातो. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस तर तो कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत २ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद झाली. मोठी माणसं घाम गाळून नाहीतर कुडकुडत निभावून नेतात. नुकत्याच जन्मलेल्या जिवाला दोन्ही धड जमत नाही. बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी, कुंची, तेल, ऊन पाणी हा सगळा थाट त्याला ऊब द्यायला आहे. हिवाळ्यात तो बरोबरच. पण भर उन्हाळ्यातही तीच कुंची आणि तसंच घट्ट गुंडाळलेलं दुपटं असलं, की अंगभर घामोळं उठतं आणि ताप आल्यासारखं अंग तापतं.

ऊब पुरते की नाही, हे ओळखायची आशाताईंची, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्तीची, पद्धत साधी आहे: एक हात बाळाच्या पोटाला, दुसरा तळपायाला. दोन्ही कोमट असले की ठीक. पोट कोमट आणि पाय गार, तर लेकरू गारठतंय. पोटही गार लागलं, तर त्याला उघड्या छातीशी धरायचं, वरून पांघरूण घ्यायचं आणि तसंच दवाखाना गाठायचा. छातीशी धरण्याचा हा उपाय कमी वजनाच्या बाळांसाठी १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात पद्धतशीर सुरू झाला, कारण तिथल्या रुग्णालयात काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या. आईइतकंच हे काम बापालाही जमतं. आपल्याकडे तो अजून दारातूनच डोकावतो, ते सोडा.

तेलाचं मात्र परभणीला खास अप्रूप असायला हवं. हा करडईचा पट्टा. ‘परभणी कुसुम’ हे करडईचं वाण इथल्याच कृषी विद्यापीठाचं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २००५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. काही नवजात बाळांना करडईचं तेल चोळलं, काहींना खोबरेल, काहींना काहीच नाही. तेल चोळलेल्या बाळांच्या रक्तात त्या त्या तेलातली स्निग्धाम्लं वाढलेली आढळली. म्हणजे कातडीतून तेल आत जिरतं, हे आजीचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. पण जिरतं म्हणूनच ते भेसळीचं किंवा उग्र असून चालत नाही.

आंघोळ घालणारी मावशी पाटावर बसते, दोन्ही पाय लांब सोडते आणि नडग्यांवर लेकराला पालथं घेते. कोपर बुडवून पाण्याचा अंदाज घेते. तळहाताची कातडी कामाने राठ झालेली असते, तिला चटका उशिरा कळतो. कोपराला लगेच कळतो. मग तेलाचा हात पाठीवरून खाली, मांड्यांवरून पोटऱ्यांपर्यंत. इथपर्यंत सगळं उत्तम. पुढे ती नाक सरळ व्हावं म्हणून दाबते, कानात आणि नाकात तेलाचे थेंब सोडते, बाळाच्या छातीवरची गाठ पिळून ‘दूध’ काढते. ती सूज आईच्या संप्रेरकांमुळे आलेली असते, आपोआप जाते. पिळली तर तिथे पू होतो. न्हाणं झालं की ओव्याची धुरी. कोवळ्या फुप्फुसांना ती सोसत नाही.

जुन्या रीतीतलं काय ठेवायचं, हे ठरवायला एक ढोबळ कसोटी चालेल. बाहेरून हलक्या हाताने होतं ते बहुधा चांगलं. तोंडात, डोळ्यात, नाकाकानात, बेंबीवर घातलं जातं ते थांबवावं. काजळात शिसं असू शकतं. सहाणेवर उगाळलेल्या गुटीत किती वेढे कशाचे गेले, याचा हिशेब नसतो. ग्राइप वॉटरलाही फार भाव देऊ नये: १८५१ मध्ये इंग्लंडात निघालेल्या या औषधात बराच काळ अल्कोहोल असे. आणि मराठवाड्याचा उन्हाळा कितीही कडक असो, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी नको. आईच्या दुधात जवळजवळ ८८ टक्के पाणीच असतं. उन्हाळ्यात जास्त वेळा पाजावं आणि आईने भरपूर पाणी प्यावं.

एवढं करूनही लेकरू रडतं. जन्मानंतर दीड महिन्याच्या सुमारास रडणं सगळ्यात जास्त असतं, त्यातही दिवेलागणीला. तीन-चार महिन्यांनी ते ओसरतं. रडणं जोरात असतं नेमकं तेव्हाच घरात दृष्ट काढायला मीठ-मिरच्या ओवाळल्या जातात. ओवाळायला हरकत नाही, पण त्या मिरच्या बाळाजवळ जाळू नयेत.

भूक, ओलं दुपटं, अडकलेली ढेकर हे पाहून झालं, की उचलून फिरवणं हाच खरा उतारा. जपानच्या रिकेन संस्थेतल्या संशोधकांनी २०२२ मध्ये २१ बाळांवर याची मोजदाद केली. पाच मिनिटं एका चालीने, न थांबता फिरवलं की रडणं शमत होतं आणि बरीच बाळं झोपत होती. मात्र लगेच खाली ठेवलं तर पुष्कळदा जाग येई. पाच ते आठ मिनिटं कुशीत घेऊन बसावं लागे. झोळीतून काढताच टक्क डोळे उघडणारी लेकरं पाहिलेल्या घरांना याचं नवल वाटणार नाही. झोळीचा हेलकावा शांत करतो, पण कापडाच्या खोळीत हनुवटी छातीला टेकते, तोंडावर कापड येतं. म्हणून झोळीवर लक्ष हवं आणि झोप लागली की सपाट अंथरुणावर उताणं निजवावं. वैतागून बाळाला गदागदा हलवणं मात्र जिवावर बेतू शकतं. सहनशक्ती संपली तर त्याला सुरक्षित ठेवून दोन मिनिटं बाजूला व्हावं, दुसऱ्याला हाक मारावी.

पण हाकेला कुणी नसतं तिथे? गंगाखेड, पालम, सोनपेठ भागातली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. आई मोळ्या बांधते, फडाच्या कडेला झाडाला झोळी, आणि झोका द्यायला सहा-सात वर्षांची बहीण. तान्ह्याला दिवसातून आठ-दहा वेळा पाजायचं असतं. त्या प्रत्येक वेळी काम थांबतं, आणि मजुरी तर तोडलेल्या टनावर.

गावात असलं तर आशाताई जन्मानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येऊन बाळ तपासतात. या गृहभेटींचं मूळ गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तिथल्या ३९ गावांत गावच्याच बायकांना शिकवून हे काम केलं आणि नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. पण भेटी घराला बांधलेल्या. ऊसतोडीच्या कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, गेलेलं बाळ त्यातून निसटतं. निघण्याआधी आशाताईंना कारखान्याचं नाव सांगावं, माता-बाल संरक्षण कार्ड गाठोड्यात घ्यावं आणि पोचल्यावर तिथल्या आशाताई किंवा उपकेंद्र शोधावं. बाळ दूध ओढेना, मलूल पडलं, मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास घेऊ लागलं, छाती आत ओढली गेली, झटके आले किंवा तळहात-तळपाय पिवळे दिसले, तर मुकादमाच्या परवानगीची वाट न पाहता १०८ ला फोन करायचा. सरकारी रुग्णालयात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार आणि ने-आण मोफत आहे.