गावाच्या नकाशात आपली वस्ती कुठे आहे?

गावाचा विकास म्हणजे काय, असे विचारले तर आपल्यापैकी बहुतेक जण रस्ता, समाजमंदिर, नळ, दिवे अशी नावे घेतील. पण रस्ता कुठपर्यंत जाणार, पाण्याची टाकी कोणत्या बाजूला बसणार आणि साऱ्या गावाचे गटार कुणाच्या दारात रिकामे होणार, हे ठरवतो कोण? सत्ता खरी या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत घटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गावगाड्याच्या गौरवाला सडेतोड उत्तर दिले. घटनेचा घटक गाव नसून व्यक्ती आहे, याचे त्यांनी समर्थन केले. तो इशारा विसरून चालणार नाही. मात्र २४ एप्रिल १९९३ पासून ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली, अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि महिलांनाही पंचायतीत राखीव जागा मिळाल्या. निर्णय आणि पैसा गावात आला आहे. आपण दूर राहिलो तर तो जुन्याच हातांत राहील.

महाराष्ट्रात ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमाखाली प्रत्येक ग्रामपंचायतीने स्वतःचा आराखडा करायचा असतो. त्यासाठी शिवारफेरी, महिलासभा, ग्रामसभा हे टप्पे सांगितले आहेत. १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी दिलेल्या अनुदानाचा ६० टक्के वाटा पाणी व स्वच्छतेसाठी राखून ठेवला होता. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी आणि १० टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करावी, हाही नियम आहे. तरी अनेक ठिकाणी आराखडा कार्यालयातच लिहिला जातो आणि लोकांच्या फक्त सह्या घेतल्या जातात.

केरळने वेगळी वाट धरली. तेथे १९९६ साली लोकयोजना मोहीम सुरू झाली आणि राज्याच्या योजनानिधीपैकी ३५ ते ४० टक्के निधी स्थानिक संस्थांकडे सोपवण्याचे ठरले. आधी वॉर्डावॉर्डाच्या ग्रामसभेत गरजा मांडल्या गेल्या, मग पंचायतीचा विकास अहवाल, त्यावर चर्चासत्र आणि शेवटी कामांचे प्रस्ताव. अनुसूचित जातींचा निधीही पंचायतींना त्यांच्या त्या-त्या लोकसंख्येनुसार मिळू लागला. त्याआधीच कन्नूर जिल्ह्यातील कल्याश्शेरी पंचायतीत लोकांनी स्वतः फिरून जमीन, पाणी यांचे नकाशे केले होते. सगळेच दोष तेथे संपले असे नाही, पण धडा घेण्याजोगा आहे: आधी नकाशा, मग यादी.

मी पेशाने कारकून. कचेरीत बसून एक गोष्ट पक्की कळते. जे कागदावर नाही, ते सरकारच्या लेखी नाहीच. म्हणून आपली वस्ती कागदावर आणली पाहिजे. शाळा-कॉलेजातल्या मुलांना हाताशी घ्या आणि मोठ्या कागदावर वस्ती काढा. घरे, नळ, विहीर, गटाराचा उतार, शाळेची वाट, स्मशानभूमी आणि पावसाळ्यात पाणी साचते ती जागा दाखवा. पाण्यासाठी किती पावले चालावे लागते, हे भगिनींइतके कुणाला ठाऊक? तो आकडा त्यांनीच सांगावा आणि ग्रामसभेआधी होणाऱ्या महिलासभेत त्यांनीच मांडावा.

मग तीन कामांचा लेखी अर्ज द्या, सोबत नकाशा जोडा आणि पोच घ्या. ग्रामसभेत ठराव वाचून दाखवा, असा आग्रह धरा. इतिवृत्तात तो लिहिला गेला की नाही ते पाहा. गेल्या वर्षी १५ टक्क्यांचे काय झाले, हेही विचारा.

गावापुरते थांबूनही चालणार नाही. घटनेच्या २४३ झेडडी कलमानुसार जिल्हा नियोजन समितीने पंचायती व नगरपालिकांचे आराखडे एकत्र करायचे असतात. त्यात जागेचे नियोजन आणि पाण्याची वाटणीही येते. तिचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद व नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांतून येतात. त्यांपैकी आपला सदस्य कोण, हे शोधून काढा व त्याला भेटा.

मते मागायला येणारे वस्तीत येतात, आराखडा करणारे येत नाहीत. त्यांना आणण्याचे काम आपले आहे. येत्या ग्रामसभेला घरटी निदान एक माणूस हजर राहील, एवढा निश्चय करू या.

जयभीम!