बामियानचे तुकडे बोलतात

अफगाणिस्तानात बामियान नावाचं खोरं आहे. तिथल्या तांबूस कड्यात दोन प्रचंड उभे कोनाडे आहेत आणि दोन्ही रिकामे आहेत. मोठ्या कोनाड्यात ५५ मीटर उंच बुद्ध उभा होता. अठरा मजल्यांची इमारत डोळ्यांसमोर आणा, तेवढा! धाकटा ३८ मीटरचा. सहाव्या-सातव्या शतकात घडवलेल्या या मूर्ती मार्च २००१मध्ये तालिबानने फोडल्या. आधी तोफा डागल्या. तेवढ्याने भागेना, तेव्हा खडकात सुरुंग भरले. तेव्हापासून जगभरचे जाणकार एकाच प्रश्नावर भांडताहेत: बुद्ध पुन्हा उभे करायचे, की रिकामे कोनाडेच स्मारक म्हणून राखायचे?

तुमचं उत्तर तयार असेल, पण जरा थांबा. जे फुटलं ते काय होतं, ते आधी पाहू.

बामियानचा कडा अजिंठ्यासारख्या टणक बेसाल्टचा नाही. तो थेट चिक्कीसारखा आहे: शेंगदाण्यांच्या जागी गोटे आणि गुळाच्या जागी घट्ट झालेली माती. अशा खडकात चीवराच्या, म्हणजे बुद्धाच्या अंगावरच्या वस्त्राच्या, नाजूक चुण्या कोरणार कशा? छिन्नी मारली की गोटाच निखळायचा. मग कारागिरांनी काय केलं? खडकातून फक्त ओबडधोबड देह काढला आणि त्यावर मातीचा गिलावा चढवला. माती तडकू नये म्हणून तिच्यात पेंढा आणि जनावरांचे केस मिसळले. मोठ्या मूर्तीच्या चुण्यांसाठी तर खडकात लाकडी खुंट्या ठोकल्या, त्यांवर दोर ताणले आणि त्या दोरांवर माती थापली. आपण फोटोत ज्या चुण्या पाहतो, त्यांच्या पोटात दोर होते! वर पुन्हा रंग. म्युनिकच्या संशोधकांनी तुकडे तपासले, तेव्हा लाल, पांढरा, निळा असे रंगांचे थरावर थर सापडले. म्हणजे या मूर्ती कुणीतरी पुन्हापुन्हा रंगवल्या होत्या. चिनी प्रवासी ह्युएन त्संग सातव्या शतकात इथे आला, तेव्हा त्याने मोठ्या मूर्तीची सोनेरी झळाळी नोंदवून ठेवली.

आता ढिगाऱ्याकडे वळू. हजारो तुकडे, काही मुठीएवढे, काही कित्येक टनांचे. बाहेरचा गिलावा बहुतेक गेलेला, उरला तो नुसता खडक. त्यावर ना नाक, ना बोट, ना चुणी. मग हा तुकडा खांद्याचा की गुडघ्याचा, हे ओळखणार कसं?

ते खडकच सांगतो! हा कडा लाखो वर्षांत थराथराने साचलेला आहे आणि प्रत्येक थराची घडण थोडी वेगळी आहे. कुठे चुना जास्त, कुठे कमी. कुठे चुंबकीय गुण तीव्र, कुठे मंद. जर्मन भूशास्त्रज्ञांनी कोनाड्याच्या थरांची अशी मोजमापं घेतली आणि तुकड्यांच्या मोजमापांशी ताडून पाहिली. जुळणी झाली की तुकड्याची मूळ उंची कळते. बुद्ध कोरण्याच्या कितीतरी आधी, माणूसही नव्हता तेव्हा, नदीनाल्यांनी टाकलेला गाळ आज आपल्याला तुकड्याचा पत्ता देतो. मला तर हे अजून खरं वाटत नाही.

मग जोडा की तुकडे! इथे अडचण येते. वारसास्थळांबाबत १९६४ची व्हेनिस सनद मानली जाते. तिच्यानुसार मूळ तुकडे मूळ जागी बसवायला हरकत नाही. नवं सामान मात्र फक्त आधारापुरतं वापरायचं आणि ते नवं आहे हे ओळखू आलं पाहिजे. धाकटा बुद्ध खडकातून फारसा पुढे आलेला नव्हता, त्यामुळे त्याच्या बाबतीत हे निदान कल्पनेत तरी जमतं. थोरला मात्र सुमारे १२ मीटर जाडीचा होता. तो उभा करायचा तर बहुतेक सगळा नवाच होईल. त्याला बामियानचा बुद्ध म्हणायचं का?

आणि कोनाडे तसेच ठेवणं सोपं आहे, असंही समजू नका. सुरुंगांनी कडा आतून खिळखिळा झाला होता. इटालियन अभियंत्यांनी दोरांवर लटकून पोलादी सळ्या आत रोवल्या, भेगांत भराव भरला, तेव्हा कुठे धाकटा कोनाडा तग धरून राहिला. त्याच कड्यातल्या लेण्यांत सातव्या शतकाच्या आसपासची चित्रं आहेत. २००८मध्ये कळलं की त्यांतल्या काहींचे रंग तेलात कालवलेले आहेत. युरोपात तैलरंग रूढ होण्याच्या कितीतरी शतकं आधी! कडा ढासळला असता, तर हेही गेलं असतं.

आपला धागाही इथे गुंतलेला आहे. १९६९ ते १९७७ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मंडळींनी अफगाण सहकाऱ्यांबरोबर याच मूर्तींची डागडुजी केली होती.

जोडणं आणि तसंच ठेवणं यांपलीकडे आणखी एक मार्ग आहे. २०१५च्या जूनमध्ये एका चिनी जोडप्याने रात्री कोनाड्यात प्रकाशाचा बुद्ध उभा केला. खोऱ्यातली माणसं बघायला जमली. नंतर दिवा मालवला आणि कड्याला ओरखडासुद्धा उठला नाही. मला हा मार्ग फार आवडतो.

माझं मत विचाराल, तर थोरला कोनाडा रिकामाच राहावा. तिथे काय घडलं, ते तो कुठल्याही फलकापेक्षा स्पष्ट सांगतो. धाकट्याचा निर्णय खोऱ्यात राहणाऱ्या हजारा समाजाच्या लोकांनी घ्यावा. पिढ्यानपिढ्या ते या दोघांना सलसाल आणि शाहमामा या नावांनी ओळखतात, त्यांच्या प्रीतीची गोष्ट सांगतात. त्या निर्णयाला पन्नास वर्षं लागली तरी चालतील. तुकड्यांना मात्र तेवढा वेळ नाही. या खडकातली माती पाण्याने भुसभुशीत होते, दरवर्षीचा बर्फ आणि पाऊस त्याला खातो. म्हणून आधी प्रत्येक तुकडा कोरड्या छपराखाली आला पाहिजे. उद्या जोडायचं ठरलं, तर जोडायला काहीतरी उरलेलं हवं.