आडवाटेस लागण्यापूर्वीं

मागील पिढींतील गाडीवान लांबच्या गांवीं निघावयाचा असला म्हणजे आदल्या सायंकाळींच गाडीच्या आंखास वंगण घालीत असे, चाकाची लोखंडी धांव सैल झाली आहे कीं काय हें ठोकून पाहत असे आणि जुंवाच्या दोऱ्या ओढून त्यांची परीक्षा घेत असे. वाटेंत सुतारही भेटणार नाहीं व लोहारही भेटणार नाहीं, हें तो जाणून होता. आजच्या मोटारीचा मालक मात्र किल्ली फिरवितो आणि निघतो. डांबरी सडकेवर हें खपून जातें, कारण थोड्याथोड्या अंतरावर पंक्चर काढणारा कोणी ना कोणी बसलेलाच असतो. सडक सुटली कीं आपणही त्या गाडीवानाच्याच जागीं येतों.

आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या रहिवाशांस सडक सोडण्यासाठीं फार दूर जावें लागत नाहीं. शहराच्या वायव्येस सुमारें ६० किलोमीटरांवर कन्नड आहे. त्याच्या पलीकडे अजिंठ्याची डोंगररांग, तींत १९८६ सालीं घोषित झालेलें गौताळा-औट्रमघाट अभयारण्य आणि त्याच रानांत अंतूरचा किल्ला. किल्ल्याच्या वाटेवर निजामशाहीच्या काळचा एक दगडी खांब उभा आहे. त्यावरील फारसी अक्षरें कोणती वाट कोणत्या गांवास जाते हें वाटसरूस सांगतात. त्या काळच्या राज्यकर्त्यांस प्रवाशाची जेवढी काळजी होती तेवढी आम्हांस स्वतःची नव्हती, हें येथें कबूल केलेंच पाहिजे.

कांहीं वर्षांपूर्वीं दिवाळीच्या सुट्टींत आम्ही दोघे शिक्षक व तीन विद्यार्थी एका जुन्या जीपमधून अंतूर पाहून परतत होतों. सूर्य मावळण्यास तासभर अवकाश होता. एका धारदार दगडानें मागील टायरच्या कुशीस चीर पाडली व चाक बसलें. मोबाइल फोन तेथें लागेना. धाकट्या मुलास दुपारपासून ताप होता आणि पाण्याची एकच बाटली उरली होती. तरी आम्ही निश्चिंत होतों. स्टेपनी होती, जॅक होता, पाना होता. मीं पाना नटास लावून जोर केला, सहकारी पान्यावर पाय देऊन उभे राहिले; नट तसूभर हलेना. पंधरा दिवसांपूर्वीं एका दुकानीं टायर बदलून घेतले होते व तेथें नट हवेच्या यंत्रानें आवळले होते. तें बळ आमच्या हातांत कोठून येणार! जॅक टेकविला, तों तोही ओलसर मातींत रुतूं लागला.

अशा वेळीं गुरें घेऊन परतणारा एक शेतकरी आम्हांस पाहून थांबला. त्यानें आपल्या विहिरीवरून पंपाचा एक जुना लोखंडी नळ आणला व तो पान्याच्या दांड्यावर चढविला. माणसाचें बळ तेवढेंच, पण दांडा तिपटीनें लांब झाल्यामुळें पीळ देण्याची शक्तीही तिप्पट झाली. नट करकरत सुटले. जॅकखालीं त्यानें एक सपाट दगड सरकविला. एवढें करून स्टेपनी चढविली, तर तींत हवा जेमतेम अर्धी! तो गृहस्थ हंसला नाहीं. त्यानें एवढेंच विचारलें, "गुरुजी, हे समदं घरी एकदा लावून पाह्यलं न्हवतं का?"

ह्या प्रश्नास आम्हांजवळ उत्तर नव्हतें. गोगलगाईच्या चालीनें कन्नडच्या दवाखान्यांत पोहोंचावयास रात्रीचे साडेनऊ वाजले. मुलाचा ताप साधाच निघाला. परंतु त्या वाटेवर बसलों असतां तें आम्हांस कसें कळावें?

तेव्हांपासून निघण्याच्या चार दिवस आधीं आम्ही घरींच एक चाक उतरवून पुन्हां चढवितों, आणि तेंही गाडींतल्याच जॅकनें व गाडींतल्याच पान्यानें. चार दिवस आधीं अशासाठीं कीं, दोष सांपडल्यास दुरुस्तीस वेळ मिळावा. जॅकबरोबर वीतभर रुंदीची एक जाड फळी व हातभर लोखंडी नळ आतां गाडींत कायमचा असतो. कित्येक नव्या गाड्यांच्या चाकांस चोरी टाळण्यासाठीं एक निराळा नट असतो व त्याची किल्लीही निराळीच असते. ती कोठें ठेवली आहे हें घरांतील एकासच ठाऊक असणें पुरेसें नाहीं.

स्टेपनी ह्या शब्दाची एक मौज सांगण्यासारखी आहे. आरंभींच्या मोटारींस जादा चाक नसे. वेल्समधील लानेली गांवीं डेव्हिस नांवाच्या दोघां बंधूंनीं १९०४ सालीं असें चाक काढलें; त्यांचें दुकान स्टेपनी रस्त्यावर होतें. त्या रस्त्याचें नांव आपल्याकडील प्रत्येक ट्रकवाल्याच्या तोंडीं बसलें आहे.

टायर पाहावयाचे ते केवळ वरून नव्हे. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरांपर्यंत आली कीं टायर बाद समजावा, हा नियम सडकेपुरता आहे. आडवाटेस त्याहून पुष्कळ अधिक नक्षी हवी. टायरच्या कुशीवर चार अंकांचा एक शिक्का असतो. '२३१९' असें असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांतला. नक्षी ताजी दिसली तरी जुनें रबर आंतून वाळलेलें असतें, आणि कुशीवर बारीक भेगा दिसूं लागल्या कीं त्याचा भरंवसा सोडावा. बाभळीच्या कांट्यानें पडलेलें भोंक बुजवितां येतें. काळ्या कातळाच्या धारेनें कुशीस पडलेली चीर वाटेंत सांधतां येत नाहीं, हें आम्ही मोल देऊन शिकलों.

ब्रेकच्या तेलाकडे फारच थोडे लोक पाहतात. हें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें. घाट उतरतांना ब्रेक सतत दाबला म्हणजे तें तापतें, त्यांतील पाण्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जात असल्यामुळें पायाखालची पट्टी एकाएकीं मऊ पडून खालीं जाते. म्हणून सामान्यतः दोन वर्षांनीं हें तेल बदलावें. निघण्यापूर्वीं पट्टी जोरानें दाबून मनांत तीस आंकडे मोजावे; ती हळूहळू खालीं जात असेल तर गाडी दारांतून हलवूं नये. चाकांच्या आंतल्या अंगास ओल आहे काय तेंही पाहावें.

यापुढचें काम अंग मळविणारें आहे. सतरंजी टाकून गाडीखालीं शिरावें. ज्यास आपले मिस्त्री 'चेंबर' म्हणतात तें इंजिनाच्या तेलाचें पात्र सर्वांत खालीं असतें व दगडाचा पहिला मार तेंच खातें. त्यावर ताजा ओरखडा किंवा तेलाचा थेंब आहे काय? कमानीच्या पाट्यांपैकीं एखादा तडकला आहे काय? मागील चाकांकडे जाणारा लांब दांडा हातानें पिळून पाहावा; त्याच्या क्रॉसमध्यें खटखट आढळली तर तो झिजला आहे. पुढील चाकांजवळील रबरी टोप्या फाटल्या असतील तर धूळ आंत जाऊन सांधा अल्पावधींत निकामी होतो. मागें ओढा पार केला असेल तर डिफरन्शिअलचें तेल थोडें काढून पाहावें. तें दुधाळ दिसलें तर आंत पाणी शिरलें आहे.

चारी चाकांस जोर देणारी जीप आपल्या देशांत १९४७ पासून जुळविली जाऊं लागली. पुढें 'महिंद्र अँड महिंद्र' ह्या नांवानें प्रसिद्ध झालेल्या कंपनीनें तें काम मुंबईंत आरंभिलें. ज्या गाडीचा हा जोर दांडा ओढून जोडावा लागतो, तिचा तो दांडा वर्षभर न हलल्यास गंजून अडकतो. त्याची परीक्षा अवश्य घ्यावी. मात्र कोरड्या डांबरावर नव्हे. वळणावर पुढील चाकें मागील चाकांहून अधिक अंतर कापतात. माती ही तफावत घसरून सोसते. डांबर सोसूं देत नाहीं, आणि सारा ताण दांत्यांवर येतो. मोकळ्या मातीच्या मैदानांत ती परीक्षा करावी.

विद्यार्थिमित्रहो, एवढें केल्यावरही एका शत्रूपुढें गाडीची मात्रा चालत नाहीं, तो म्हणजे आपलीच काळी माती. पाणी पितांच ती फुगते, टायरच्या नक्षींत भरते, आणि चाक मडक्याप्रमाणें गुळगुळीत होतें. मग एक चाक फिरलें काय आणि चार फिरलीं काय! म्हणून पावसाची लक्षणें दिसतांच आम्ही बेत पुढें ढकलतों. अभयारण्यांत तर आंखून दिलेली वाट सोडावयाचीच नसते.

आतां कन्नडला चहासाठीं थांबलों म्हणजे चारी चाकांच्या मध्याजवळ हात नेऊन पाहतों. एकच चाक इतरांहून फार तापलें असेल तर ब्रेक अडकला आहे किंवा बेअरिंग गेलें आहे. उतरविलेल्या चाकाचे नट पुन्हां एकदां आवळतों. कोणत्या वाटेनें जाणार व केव्हां परतणार हें घरीं लिहून ठेवलेलें असतें. फोन लागतो आहे तोंवर घरीं एकदां कळवितों, आणि मग सडक सोडतों.