वायू पाहून धातू

बडोदं म्हटलं की मराठी माणसाला सयाजीराव आणि लक्ष्मीविलास पॅलेस आठवतो. शहराच्या वेशीवर मात्र गेल्या साठ वर्षांत धुराड्यांचं दुसरं बडोदं उभं राहिलं. १९६२ साली स्थापन झालेली गुजरात स्टेट फर्टिलायझर्स, १९६५ मध्ये सुरू झालेली कोयलीची रिफायनरी आणि १९६९ ची आयपीसीएल, जी २००७ मध्ये रिलायन्समध्ये विलीन झाली. खत, इंधन, प्लॅस्टिक असा माल वेगवेगळा. पण तिन्हीकडची एक काळजी सारखीच आहे: तापलेल्या वायूत धातू टिकवायचा कसा?

खत कारखान्याला अमोनियासाठी हायड्रोजन लागतो. कोयलीला तो १९९३ साली सुरू झालेल्या देशातल्या पहिल्या हायड्रोक्रॅकरसाठी लागतो. हायड्रोजन तयार करण्याची रूढ भट्टी म्हणजे रिफॉर्मर. त्यात दहा-बारा मीटर लांबीच्या नळ्यांच्या रांगा उभ्या टांगलेल्या असतात. आत निकेलचा उत्प्रेरक भरलेला, त्यातून नैसर्गिक वायू आणि वाफ वीस-तीस बारच्या दाबाने जाते, बाहेर बर्नरच्या ज्वाळा. नळीची भिंत ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. पाळीवरचा ऑपरेटर पीपहोलमधून या नळ्या पाहतो. सगळ्या एकसारख्या नारिंगी दिसल्या की ठीक. एखादीवर उजळ पट्टा दिसला, तर तिथला उत्प्रेरक निकामी झाला असावा, असं तो समजतो. नळीचं संकल्पित आयुष्य साधारण एक लाख तास, म्हणजे अकरा वर्षांहून थोडं जास्त. ढोबळ हिशेब असा, की तापमान वीसेक अंशांनी वाढलं तर ते निम्म्यावर येतं.

साधं पोलाद इथे टिकणार नाही. म्हणून एचके-४० नावाचा मिश्रधातू आला: २५ टक्के क्रोमियम, २० टक्के निकेल. पुढे निकेल ३५ टक्क्यांवर नेलं, नायोबियम घातलं आणि नंतर टायटॅनियमची चिमूटही. नळी साच्यात फिरवत ओततात. क्रोमियमचं काम पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर धरण्याचं. दुधावरच्या सायीसारखा तो खालच्या मालाला झाकून ठेवतो आणि फाटला तर पुन्हा धरतो.

प्लॅस्टिकचा कच्चा माल बनवणाऱ्या नॅफ्था क्रॅकरमध्ये ही सायच धोक्यात येते. वायू कार्बनने लदलेला, नळीची भिंत हजार अंशांच्या पुढे. आत कोकचा थर साचतो, कार्बन धातूत मुरतो आणि क्रोमियमला पकडून कार्बाइड बनवतो. मग संरक्षणाला क्रोमियम उरत नाही. निरोगी नळीला चुंबक चिकटत नाही, कार्बन मुरलेलीला चिकटतो. शटडाऊनमध्ये तपासनीस याच गुणाचा उपयोग करतात. जुनी नळी ठिसूळ झालेली असते, त्यामुळे तिला नवा तुकडा वेल्ड करण्याआधी उष्णोपचार करावा लागतो.

रिफॉर्मरच्या पुढे वायू थंड होऊ लागला की वेगळंच संकट येतं. ४५० ते ८०० अंशांच्या पट्ट्यात कार्बन मोनॉक्साइडमुळे चांगला मिश्रधातूही खड्डे पडून भुकटी होतो. याला मेटल डस्टिंग म्हणतात. वायूत किंचित गंधक असलं तर ते पृष्ठभाग अडवतं आणि डस्टिंग मंदावतं. पण तेच गंधक रिफॉर्मरच्या निकेल उत्प्रेरकाला विष आहे. शिवाय कार्बनविरुद्ध उपयोगी पडणारं निकेल गंधकाच्या वायूत उलटतं: निकेल आणि त्याच्या सल्फाइडचं मिश्रण ६५० अंशांच्या आतच वितळतं. म्हणजे सर्वांत महाग मिश्रधातू सर्वांत सुरक्षित, हा समज इथे चालत नाही.

उपाय सायीभोवतीच फिरतात. सिलिकॉन वाढवलं की तिच्याखाली आणखी एक अडसर तयार होतो. इट्रियम, सेरियमसारखी मूलद्रव्यं लेशमात्र घातली की थर घट्ट चिकटून राहतो. पफाइल या ब्रिटिश धातुतज्ज्ञाने १९३७ मध्ये याच दिशेचं पेटंट घेतलं होतं. अलीकडे तीन-चार टक्के ॲल्युमिनियम घालून क्रोमियमऐवजी ॲल्युमिनाचा थर धरवतात. तो जास्त तापमानाला टिकतो आणि त्यावर कोकही कमी साचतो. बदल्यात धातूची लवचिकता घटते आणि वेल्डिंग अवघड होतं.

सयाजीरावांनी १८९० मध्ये त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती सोपवलेल्या कलाभवनापासून या शहरात तंत्रशिक्षणाची परंपरा आहे. आज त्याच वारशातल्या सयाजीराव विद्यापीठात धातुशास्त्र शिकवलं जातं. ते शिकून कारखान्यात आलेल्या अभियंत्याचा पहिला प्रश्न ‘धातू कोणता?’ हा नसतो, ‘वायू कोणता?’ हा असतो. म्हणूनच जास्त गंधकाचं कच्चं तेल स्वस्तात मिळत असलं, तरी खरेदीखात्याने सौदा करण्याआधी धातुवाल्यांचं मत घेतलेलं बरं.