शंकरपाळ्याच्या तुकड्यांची चांदणी

आपल्या गोधडीत तुकडे एकमेकांवर चढतात, वरून धावदोरा फिरतो आणि कडा जुळल्या नाहीत तरी कोणी नाव ठेवीत नाही. इथल्या वर्गात ‘त्लाईम’ म्हणजे ठिगळकाम शिकायला जाणाऱ्या भगिनींना मात्र कडेला कड भिडवावी लागते. त्यात सर्वांत छळणारा आकार शंकरपाळ्याचा. आजीच्या लुगड्याचे तुकडे असतील तर ते दुसऱ्यांदा मिळणार नाहीत, म्हणून कात्री लावण्याआधी हे वाचावे.

सहा शंकरपाळ्या टोकाला टोक लावून ठेवल्या की मागेन दावीदची चांदणी होते. प्रत्येकीचा टोकदार कोन 60 अंशांचा हवा. त्यांच्यामधल्या सहा खाचांत त्याच मापाच्या आणखी सहा बसतात आणि षटकोन पुरा होतो. साचा एकच, तुकडे 12.

शिवल्यावर बाजू 10 सें.मी. हवी असेल, तर 6 मि.मी. माया दोन्हीकडे धरून 9.9 सें.मी. रुंदीची पट्टी उभ्या धाग्यावर कापा. तिच्यावर 60 अंशांची तिरकी रेघ ओढा. पुढची रेघही 9.9 सें.मी.वरच, पण हे अंतर पहिल्या रेघेशी काटकोनात मोजायचे. पट्टीच्या कडेने मोजले तर ते 11.4 सें.मी. भरते, तिथे 9.9 घेतले की तुकडा अरुंद होतो आणि चांदणी बिघडते. जुने सुती कापड मऊ असते, म्हणून आधी खळ देऊन इस्त्री करावी.

प्रत्येक तुकड्याच्या दोन कडा सरळ धाग्यावर आणि दोन उरेब येतात. उरेब कड ओढली की ताणते. म्हणून सगळे तुकडे एकाच दिशेने मांडा: प्रत्येक जोडात एक कड सरळ, एक उरेब. मशीनवर उरेब कड खाली ठेवा, मशीन तिचे जास्तीचे कापड आपोआप सामावून घेते.

आता खरी गोष्ट. प्रत्येक कोपऱ्यात, दोन शिलाया जिथे छेदतील तिथे, उलट बाजूला पेन्सिलीने ठिपका द्या. शिलाई ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंतच, मायेत एकही टाका नको. तीन-तीन शंकरपाळ्या जोडून दोन अर्ध्या चांदण्या करा, मध्याला टाचणी लावून एका सरळ शिलाईने त्या जोडा. मध्ये उंचवटा आला तर इस्त्रीने दाबून तो जाणार नाही. माया सगळ्या एकाच दिशेला, भिरभिऱ्यासारख्या वळवल्या की बसतो.

खाचेत बसवायच्या तुकड्याचा रुंद, 120 अंशांचा कोन खाचेच्या ठिपक्यावर ठेवा. तिथून बाहेरच्या दिशेने एक बाजू शिवा. सुई वर घ्या, दोरा तोडा. कापड वळवून, आधीच्या माया बाजूला सारून, दुसरी बाजूही त्याच ठिपक्यापासून बाहेर शिवा. सुरुवातीला दोन उलट टाके पुरेत. एका दमात कोपरा फिरवायला गेलात तर तिथे चुणी पडतेच. हाताने शिवणाऱ्यांना हे सोपे जाते. सुई ठिपक्यावर थांबवणे त्यांच्या हातात असते.

एकच षटकोन करायचा असेल तर बाहेरच्या टोकाला शिलाई कडेपर्यंत नेली तरी चालेल. अनेक षटकोन एकमेकांना जोडायचे असतील, तर तिथेही ठिपक्यावरच थांबा.